पत्रपेटी : जरबाफ, कोसा आणि कांडीवरून सुटणारी जर

मागच्या अंकात इराणच्या जरबाफ विणकामाची ओळख करून दिली होती. रेशमी ताण्यावर (कापडातल्या उभ्या धाग्यांवर) सोन्याच्या धाग्याने नक्षी उठवायची ही जुनी हातमागाची विद्या. त्यावर पत्रं आली ती बहुतेक भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडून, म्हणजे जिथे खड्ड्यातले माग अजून चालतात तिथून. काही वऱ्हाडातूनही आली. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : जरबाफ, जरदोजी, किनखाप, पैठणी… सगळ्यात सोनं आहे. मग वेगळं काय? (वाचक, नागभीड)

‘जर’ म्हणजे सोनं, ‘बाफ्त’ म्हणजे विणलेलं. हा फारसीचा साधा अर्थ धरला की अर्धा घोळ मिटतो. जरदोजीतल्या ‘दोज’चा अर्थ शिवणं. तयार कापडावर सुईने जर टाकली ती जरदोजी. जरबाफात सुई नसते. सोन्याचा धागा मागावरच, कापडाबरोबर विणला जातो.

आता पैठणी. तिच्या पदरात नक्षीचा प्रत्येक रंग स्वतंत्र छोट्या कांडीवर (धागा गुंडाळायच्या नळीवर) असतो. तो आपल्या हद्दीपुरता जातो, शेजारच्या रंगात अडकतो आणि माघारी फिरतो. तिथे बाणा (आडवा धागा) हेच चित्र असतं. म्हणून दोन्ही बाजू सारख्या दिसतात. जरबाफात गोष्ट निराळी. तिथे बाणा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो. जमिनीचा वेगळा, सोन्याचा वेगळा, रंगांचे आणखी वेगळे. ज्या रेघेत जिथे सोनं दिसायला हवं तिथे ते वर राहतं, बाकी जागी उलट्या बाजूला जातं.

इराणच्या सफवी बादशहांच्या काळातल्या चांगल्या जरबाफात ताणेही दोन असतात, आणि खरी मेख इथे आहे. मुख्य ताणा जमीन विणतो, बहुधा अतलशीसारखी गुळगुळीत. दुसरा अगदी बारीक धाग्याचा, विरळ. त्याचं काम एकच : वर आलेल्या सोन्याच्या धाग्याला ठरावीक अंतरावर टाका घातल्यासारखं दाबून धरायचं. हा बांधणीचा ताणा नसेल तर सोन्याचा धागा नक्षीच्या रुंदीभर मोकळा लोंबतो आणि पहिल्याच अंगठीत अडकतो. असेल तर बोटभर रुंद सोन्याचं पान विणलं तरी ते अंगाला चिकटून बसतं. बांधणीचा धागा बारीक असल्यामुळे लांबून दिसत नाही. भिंग धरलं की सोन्यावर तिरप्या ओळीत बारीक टिपके दिसतात.

किनखाप हा जरबाफाचाच भाऊबंद, बनारसच्या अंगणात वाढलेला. ‘कम ख्वाब’ म्हणजे ‘स्वप्नातही न दिसणारं’ अशी फोड सांगतात, ती गोड आहे पण मागाहून बसवलेली. मूळ शब्द ‘कमखा’. भाषेचे अभ्यासक त्याच्याही मागे चिनी शब्दाकडे बोट दाखवतात. आपल्याकडचे जरतारी, भरजरी, जरीपटका, अतलस, ताफता, नक्षी, इतकंच काय खुद्द ‘रेशीम’सुद्धा (फारसी अबरेशम), हे सगळं त्याच वाटेने आलेलं सामान आहे.

प्रश्न : आमच्याकडं कोशाच्या (टसर रेशमाच्या) साडीला जरीचा काठ टाकून पाहतो. पण कांडीवरून येताना जर काहून सुटते? आतला लाल धागा उघडा पडते अन् वरची पट्टी कुरळी होऊन फणीत (ताण्याचे धागे वेगळे ठेवणाऱ्या कंगव्यात) अडकते. (विणकर, ता. मोहाडी)

जर म्हणजे अख्खा सोन्याचा तार नव्हे. चांदीची (किंवा तांब्याची) चपटी पट्टी आतल्या धाग्यावर गुंडाळलेली असते. म्हणजे ती एक स्प्रिंगच. स्प्रिंग एका दिशेने पिळली की आवळते, उलट पिळली की उलगडते. तुमची जर उलगडते आहे.

कारण कांडीच्या टोकावरून धागा निघण्यात आहे. कांडी धोट्यात (ताण्यातून बाणा आरपार नेणाऱ्या लाकडी होडीत) स्थिर बसते आणि धागा टोकावरून सुटतो, तेव्हा प्रत्येक वेढ्यामागे धाग्यात एक पीळ पडतो किंवा निघतो. कांडी साधारण एक सेंटिमीटर जाडीची धरा. तिचा एक वेढा तीन सेंटिमीटरचा झाला, म्हणजे मीटरमागे तीसच्या वर पीळ. सुती किंवा कोशाच्या धाग्याला याने काही होत नाही. जरीची पट्टी मात्र ढिली होते, मग आतला धागा पुढे सरकतो आणि पट्टी मागे गोळा होते.

करून बघा. दोन कांड्या भरा, एक रहाट सुलटा फिरवून, दुसरी उलटा फिरवून. दोन्हींमधून टोकावरून मीटरभर जर काढा आणि उन्हात भिंगाखाली धरा. एकीत लाल गाभा दिसेल, दुसरीत पट्टी गच्च दिसेल. जी गच्च, ती दिशा आपली. पुढच्या सगळ्या कांड्या तशाच भरायच्या आणि रहाटाजवळ खडूने बाण काढून ठेवायचा, कारण घरातल्या दुसऱ्या हाताने भरलेली कांडी बहुतेक वेळा उलटी निघते. फार आवळली आणि धाग्याला अढ्या पडायला लागल्या, तर टोकावरून सोडणारा धोटा सोडून रीळ स्वतः फिरणारा धोटा घ्या. त्यात पीळ पडतही नाही, निघतही नाही. विकत आणलेल्या रिळावरून कांडी भरतानाही हाच नेम : रीळ खिळ्यावर बसवून फिरू द्या, आडवं ठेवून टोकावरून ओढू नका.

आणखी तीन ठिकाणी चूक होते.

ताण. रेशीम तुटण्याआधी आपल्या लांबीच्या पंधरा-वीस टक्के ताणलं जातं, जर जवळजवळ नाहीच. त्यामुळे जमिनीचा बाणा ओढून मारला आणि जर सैल टाकली की मागावर कापड झकास दिसतं, आणि तुरीवरून (ताणा किंवा कापड गुंडाळायच्या दांड्यावरून) काढल्यावर रेशीम आक्रसतं, जर आहे तेवढीच राहते आणि नक्षी फुगून वर येते. इस्त्रीने तो फुगा बसत नाही. उलट करा : जमिनीचा बाणा तिरपा, मोकळा टाकून हात्या (बाणा ठोकून बसवायची चौकट) मारा, जर सरळ, झोळ न ठेवता. काठातल्या ताण्यात जर असेल तर तिला वेगळी छोटी तूर किंवा वेगळं वजन द्या. मुख्य ताण्याबरोबर एकाच तुरीवर घेतलेली काठाची जर दोन-तीन हातांतच ढिली पडते, नाहीतर तुटते.

जोड. जरीला गाठ मारायची नाही. गाठ फणीत अडकते, आणि गाठीपाशी पट्टी तुटून तिचं टोक बाहेर येतं, ते नेसणारीला टोचतं. जुन्या टोकावर नवं टोक दोन सेंटिमीटर चढवून त्याच रेघेत विणून टाका, शक्यतो नक्षीच्या खाली.

आणि हवा. ठरावीक दमट हवेत रेशीम वजनाच्या अकरा टक्के पाणी धरून असतं. एप्रिल-मे महिन्यात विदर्भातल्या हवेत एवढं पाणी कुठून येणार? धागा कडक होतो, ताणा पटापट तुटतो. खड्ड्यातला माग हा काही गरिबीचा माग नव्हे. जमिनीची ओल ताण्याला मिळावी ही त्यामागची सोय आहे. सकाळी खड्ड्यात आणि ताण्याखालच्या जमिनीवर पाणी शिंपा, दाराला वाळ्याचा किंवा ओल्या तरटाचा पडदा लावा. पाणी ताण्यावर मात्र मारू नका. ओल्या रेशमावर जर दाबली की डाग पडतो. पावसाळ्यात उलटी काळजी : लोखंडी फणी गंजते आणि सोन्याशेजारी तांबूस रेघ उमटते. फणी स्टेनलेसची घ्या, खर्च एकदाच.

प्रश्न : आमच्या भागाची ओळख म्हणून संत्र्याची नक्षी विणून घ्यायची आहे. इराणी पद्धतीत चित्र मागावर चढवतात कसं? जॅकार्ड नसताना एवढं बारीक जमत होतं? (वाचक, वरुड)

जमत होतं, जॅकार्डशिवायही. फ्रान्समधल्या जॅकार्डने 1804 च्या सुमारास छिद्रांच्या पुठ्ठ्यांचं यंत्र आणलं ते मागावर बसलेल्या दुसऱ्या माणसाला हटवण्यासाठी. त्याआधी इराणात काय, बनारसमध्ये काय, नक्षीच्या मागावर दोन माणसं लागत. खाली विणकर. वर, मागाच्या माथ्यावर बसलेला दोऱ्या ओढणारा. फारसीत त्याला ‘गुशवारे-कश’ म्हणतात, कारण गुंफलेल्या दोऱ्यांचे फासे कानातल्या डुलांसारखे (गुशवारे) लोंबत असतात. आणि या दोघांच्याही आधी तिसरा, नक्शबंद, जो चित्राचं दोऱ्यांत भाषांतर करतो. इराणात मान याचा मोठा. यझ्दचा गियासुद्दीन अली हा सोळाव्या शतकाअखेरचा नक्शबंद. त्याच्या नावाची सही कापडातच विणलेले तुकडे आज जगातल्या संग्रहालयांत आहेत.

तुमच्या संत्र्यावरच हिशेब करू. समजा मागावर एका सेंटिमीटरमध्ये नक्षीच्या 24 दोऱ्या बसतात आणि विणताना एका सेंटिमीटरमध्ये नक्षीच्या 18 रेघा बसतात. संत्रं पाच सेंटिमीटर रुंद, पाच सेंटिमीटर उंच हवंय. म्हणजे आडवे 120 घर आणि उभे 90 घर. शाळेच्या चौकोनी आलेखवहीवर 120 बाय 120 चा गोल काढला आणि तसाच दिला, तर रुंदी पाच सेंटिमीटरच राहील, उंची मात्र 120 भागिले 18, म्हणजे पावणेसातच्या आसपास. संत्र्याचं अंडं होईल, तेही उभं. जी मंडळी कागदावर सुरेख नक्षी काढून आणतात आणि कापडावर पाहून कपाळाला हात लावतात, त्यांचं इथे चुकलेलं असतं. त्यासाठी घराची रुंदी आणि उंची 3 : 4 असलेला कागद आधी आखून घ्या, मग गोल काढा.

पुढे घरं भरताना काठाची पायरी सांभाळायची. गोलाच्या बाजूला एकदम सहा-सात घरांची उडी मारली तर कापडावर दात दिसतात. उड्या एका क्रमाने वाढवा : एक, एक, दोन, तीन, पाच, मग डोळ्याला वळण वाटतं. आणि आतल्या फाकींच्या रेघा एका घराच्या काढू नका. एक घर हातमागावर तुटक दिसतं. किमान दोन घरं.

कागद तयार झाला की नक्शबंद 120 उभे दोरे एका चौकटीवर ताणतो. पहिल्या रेघेत कागदावर जी घरं भरलेली आहेत, त्या दोऱ्यांच्या मागून आणि बाकीच्यांच्या पुढून एक आडवी दोरी ओवतो आणि तिचा फासा बांधतो. मग दुसरी रेघ, तिसरी… अशा 90 आडव्या दोऱ्या. एका रेघेत जमिनीखेरीज दोन रंग असतील तर 180. ही जाळी म्हणजे चित्राची वही झाली. ती मागावर चढवतात, प्रत्येक उभा दोरा मागाच्या तेवढ्या क्रमांकाच्या दोरीला जोडतात, आणि ती दोरी खाली ताण्याच्या धाग्यांना. कापड 60 सेंटिमीटर रुंद असेल तर पाच सेंटिमीटरची 12 संत्री एका ओळीत येतात. प्रत्येक दोरीला 12 शाखा बांधल्या की चित्र एकदाच गुंफावं लागतं.

विणताना वरचा माणूस पहिला फासा ओढतो, त्यातल्या दोऱ्या पुढे येतात, त्या तो हाताने धरून खेचतो, खाली ताण्यात वाट उघडते, विणकर सोन्याचा धोटा टाकतो. मग पायाखालची पावडी दाबून जमिनीचा. मग पुढचा फासा. दोघांची चाल एक नसेल तर एकच रेघ दोनदा पडते किंवा एक गळते, आणि चूक विणकराला लगेच दिसत नाही, कारण जरबाफ बऱ्याचदा उलटी बाजू वर ठेवून विणतात. म्हणून मागाखाली आरसा ठेवायची युक्ती आजही कामाची आहे. चूक तीन-चार रेघांच्या आत सापडली तर उसवा. त्याच्या पुढे उसवू नका; जरीची पट्टी परत सरळ होत नाही, तो धागा टाकूनच द्यावा लागतो.

तुम्हाला दोऱ्या ओढणारा माणूस मिळणार नाही हे उघड आहे. 120 दोऱ्यांची नक्षी छोट्या जॅकार्डवरही बसते. नागपूरच्या विणकर सेवा केंद्रात नक्षीचा कागद घेऊन जा. पण घरांचं प्रमाण तुम्ही स्वतः मोजून न्या, मागावर कापडाचा वीतभर नमुना विणून, पट्टी लावून. अंदाजाने सांगितलेला आकडा म्हणजे पुन्हा अंडं.

प्रश्न : जरबाफ कोशावर करता येईल का? इराणात कोणतं रेशीम वापरतात? (वाचक, आरमोरी)

इराणात तुतीचं. कॅस्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतात, रश्तच्या परिसरात ते पिकत आलं आहे. तुतीच्या कोषाचा धागा दोन-तीन डेनियरचा (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप), एकसारखा, आणि शिजवून डिंक काढला की पांढरा शुभ्र, कुठलाही रंग धरणारा. ऐन आणि अर्जुनावरचा आपला कोसा याच्या उलट : धागा त्याच्या तिप्पट-चौपट जाड, चपटा, जागोजागी कमीजास्त, आणि मूळचाच मधाळ तपकिरी. तो रंग पूर्ण जात नाही, म्हणून हलके रंग मळकट उमटतात.

जमीन म्हणून कोसा उत्तम. सोनेरी जरीशेजारी त्याचा मातकट रंग फार देखणा दिसतो. बाजारातल्या भडक लाल-हिरव्यापेक्षा किती तरी खानदानी. पण मुख्य ताणा आणि बाणा कोशाचा ठेवायचा असेल तरी बांधणीचा बारीक ताणा तुतीचाच घ्या, 20/22 डेनियरचा दुपदरी. कोशाचा जाड धागा सोन्यावरून गेला की सोनं झाकलं जातं आणि अंगावर तपकिरी ठिपके दिसतात. बांधणीच्या ताण्याला तूर वेगळी, हे विसरू नका. दोन ताण्यांचा धागा सारखा खपत नाही.

तुतीचं कच्चं रेशीम विकत आणाल तर विणायच्या आधीच शिजवून, रंगवून घ्या. जर विणल्यानंतर कापड साबणात उकळलं की सोनं गेलंच. प्रमाण असं : एक किलो रेशीम, 30 लिटर पाणी, 200 ते 250 ग्रॅम साधा, सोडा न मिसळलेला साबण किसून. पाणी 90 ते 95 अंशांवर, म्हणजे बुडबुडे येतील पण खळखळ उकळणार नाही. खळखळ उकळीत लडीचे धागे एकमेकांत गुंततात आणि केसाळ होतात. तास-सव्वा तास लड काठीवर फिरवत राहा. मग आधी कोमट पाण्यात, मग साध्या पाण्यात धुवा. गार पाण्यात एकदम टाकलं तर सुटलेला डिंक पुन्हा धाग्यावर बसतो. किलोचं 750 ते 800 ग्रॅम उरेल. त्याहून जास्त उरलं तर डिंक शिल्लक आहे असं समजा, रंग ठिपक्यांनी चढेल.

पाणी कोणतं, हे सगळ्यात महत्त्वाचं. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चिकट साका होतो, तो रेशमावर बसतो आणि धुऊन जात नाही. पावसाचं साठवलेलं किंवा मामा तलावाचं नितळ पाणी घ्या. पूर्व विदर्भाला माजी मालगुजारी तलावांची ही देणगी आहे.

(याच वाचकांनी पळसाच्या फुलांचा रंग विचारला आहे. सुंदर पिवळा येतो, उन्हात उडतो. इराणी कारागीर पिवळ्यासाठी इस्परक नावाची वनस्पती, लालसाठी मंजिष्ठाच्या जातीची मुळं, निळ्यासाठी नीळ वापरत. पळसाचा हट्ट असेल तर नेहमी नेसायच्या साडीत नको.)

प्रश्न : आपल्या करवतकाठी साडीत आणि जरबाफात काही नातं आहे का? (वाचक, पवनी)

फारसं नाही. करवतकाठीत तीन धोटे चालतात, अंगाचा एक आणि दोन काठांचे दोन, आणि काठाचा बाणा अंगाच्या बाण्यात अडकून परत फिरतो. म्हणून करवतीच्या दातांसारखी ती कडा तुटक न होता ठोस येते. हे पैठणीच्या जातीचं काम आहे. काठातली उभी नक्षी जास्तीच्या ताण्याने येते. जरबाफात नक्षी बाण्याने येते. नातं सांगायचंच तर खड्ड्यातल्या मागाचं.

प्रश्न : गावात जरीवाले येतात, जुन्या शालूचा काठ तोडून वजनावर घेतात. जर खरी आहे हे ओळखायचं कसं आणि भाव ठरवायचा कसा? (वाचक, तुमसर, असाच प्रश्न दर्यापूर आणि उमरेडहून)

जरीच्या तीन जाती लक्षात ठेवा. असली : रेशमी धाग्यावर चांदीची पट्टी, वर सोन्याचा मुलामा. मधली, तिला बाजारात ‘टेस्टेड’ म्हणतात : तांब्याची पट्टी, वर चांदीचा हात आणि सोनेरी झळाळी. आणि प्लास्टिकची : पॉलिएस्टरच्या चकचकीत फितीची.

काठाच्या आतल्या शिवणीतून दोन बोटं लांबीचा धागा काढा. चिमट्यात धरून काडी लावा. प्लास्टिक असेल तर आक्रसून काळा मणी होतो आणि प्लास्टिकचाच वास येतो. असली असेल तर आतलं रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि धातूची पट्टी पोकळ नळीसारखी शिल्लक राहते. मग सोनाराकडे कसोटीच्या दगडावर घासून घ्या : सोनेरी झाक गेल्यावर खाली पांढरं निघालं तर चांदी, तांबूस निघालं तर टेस्टेड. नुसत्या लाल गाभ्यावर विश्वास ठेवू नका. ‘लाल दोरा आहे म्हणजे असली’ हे फेरीवाल्याचं वाक्य आहे. लाल रंगवलेला सुती दोराही मिळतो. इराणी जुन्या कामात तर गाभा लाल नसायचाच. सोनेरी जरीला पिवळं रेशीम, रुपेरीला पांढरं, म्हणजे पट्टी जराशी सरकली तरी डोळ्याला कळू नये.

सोन्याची आशा फार धरू नका. कांजीवरमला ठरवलेल्या जरीत चांदी 40 टक्के, तांबं 35.5, रेशीम 24 आणि सोनं अवघं 0.5 टक्के असतं. जुन्या जरीत चांदी यापेक्षा जास्त सापडते. पण हिशेब चांदीचाच करायचा. काठ आणि पदराची मिळून 150 ग्रॅम असली जर निघाली आणि तिच्यात निम्मी चांदी धरली, तर 75 ग्रॅम चांदी झाली. त्या दिवसाचा चांदीचा भाव पेपरात बघा, गुणाकार करा, गाळणीची घट वजा करा. जरीवाला याच्या निम्म्याने मागत असेल तर चहा पाजून पाठवा.

आमचं मत विचारलंत म्हणून : अंगाचं रेशीम विरलं असेल आणि काठ धड असेल तर काठ कापून नव्या कापडावर चढवा. असली जरीचा शालू जाळून चांदी करणं म्हणजे सागाचं दार फोडून चूल पेटवणं. दार किती वर्षांचं होतं ते राखेवरून कळत नाही.

प्रश्न : आजीच्या शालूची जर काळी पडली. चिंच, लिंबू, खायचा सोडा, सगळे उपाय ऐकले. काय करू? (वाचक, चिखली)

यातलं काहीही करू नका. काळेपणा म्हणजे चांदीवर गंधकाची पुटं. सोन्याचा थर इतका पातळ असतो की हवेतला गंधक त्यातून खालच्या चांदीपर्यंत पोचतो. चिंच-लिंबाने काळं जातं खरं, पण त्याबरोबर सोन्याचा थरही जातो आणि शेजारच्या रेशमाचा रंग फुटतो. अॅल्युमिनियमची पन्नी आणि सोड्याचा उपाय चांदीच्या वाटीला ठीक आहे, धाग्यावर गुंडाळलेल्या पट्टीला नाही. आतलं रेशीम सोड्याने खराब होतं. मऊ कोरड्या सुती फडक्याने, धाग्याच्या दिशेने, हलकेच पुसा. जेवढं निघेल तेवढं निघेल.

पुढे काळं वाढू नये हे मात्र हातात आहे. चुलीच्या धुराच्या खोलीत, लोकरीच्या स्वेटरशेजारी, रबर बँड लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका. नॅप्थलीनच्या गोळ्या जरीला टेकवू नका. अत्तर अंगाला लावा, काठाला नको. मांजरपाट किंवा मलमल दोन-तीनदा धुऊन, खळ पूर्ण काढून, त्यात शालू ठेवा. घड्यांपेक्षा जाड पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळणं चांगलं. घडीच घालायची तर तीन महिन्यांनी उलगडून दुसऱ्या जागी घाला, आणि घडीच्या आत मलमलचा बोळा ठेवा म्हणजे मोड कडक बसत नाही. जुने शालू मोडावर फाटतात ते रेशीम कुजल्यामुळे कमी. ताठ धातू रोज तिथेच रेशमाला कापत असतो म्हणून जास्त. पावसाळ्यात कपाट उघडं ठेवू नका. दसऱ्यानंतर कोरड्या हवेत, सावलीत तासभर पसरा. ऊन दाखवू नका.

प्रश्न : इराणात हे काम आज चालतं का? (वाचक, मूल)

चालतं, थोडं. शाह अब्बासच्या (1587–1629) काळात इस्फहान, काशान, यझ्द इथे हे काम सर्वांत भरात होतं. खिलतीची, म्हणजे मानाची वस्त्रं यातूनच निघत. मराठी कागदपत्रांतला ‘खिलत’ शब्द तोच. पुढे बाहेरचं कापड आलं, दरबार गेले, माग बंद पडत गेले. 1930 च्या सुमारास रझा शाहच्या काळात काशानचे उस्ताद तेहरानला आणून सरकारी कारखान्यात ही विद्या पुन्हा मांडली गेली. आज जे माग चालतात ते बहुतेक सरकारी आश्रयावर.

प्रश्न : एका दिवसात किती कापड निघतं? (विणकर, ता. मोहाडी)

आकडा नक्षीवर आहे, पण रीत अशी. सेंटिमीटरला 25 रेघा धरा, प्रत्येक रेघेत जमीन, सोनं आणि दोन रंग असे चार धोटे. म्हणजे सेंटिमीटरला 100 धोटे. दोऱ्या ओढणं धरून एका धोट्याला दहा सेकंद लागले तर एका सेंटिमीटरला साधारण 17 मिनिटं. सात तास अखंड बसलात तर 25 सेंटिमीटर, वीतभराहून थोडं जास्त. ताणा तुटणं, कांडी भरणं, उसवणं यात नाही. तुमच्या साडीच्या जरीच्या काठाचा मजुरीदर याच रीतीने काढा : एका सेंटिमीटरमधले धोटे मोजा, घड्याळ लावून दहा धोट्यांचा वेळ घ्या, आणि व्यापाऱ्यासमोर मीटरचा भाव सांगायच्या आधी तासांचा आकडा वहीत लिहून ठेवा.